थांबू की नको?

एका पावसाळी संध्याकाळची गोष्ट. (सिंगापूरला वेगळा असा पावसाळा नसतोच, बाराही महिने कधीही कोसळतो. पण नोव्हेंबर-डिसेंबरात जरा जास्तच.) ऑफिसातल्या एका चिनी सहकाऱ्याच्या गाडीतून मी घरी चाललो होतो. वन-नॉर्थमधून बाहेर पडून आम्ही आयर राजा एक्स्प्रेसवेला लागलो, आणि दोनेक मिनिटांत पुढे एक गाडी कडेच्या पट्टीवर उभी दिसली. चारी इंडिकेटर लुकलुकत होते. बाहेर कठड्यापलीकडे एक बाई छत्री धरून उभी होती.

मी म्हणालो, "थांब ना जरा."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला विमानतळाच्या धावपट्टीवर गाडी घालायला सांगितली होती. म्हणाला, "थांबून करणार काय? तुला गाडी दुरुस्त करता येते?"

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. गप्प बसलो. पण मनातून चिडलो होतो. एवढा पाऊस, बाई एकटी, आणि हा माणूस वेगसुद्धा कमी करत नाही! तेवढ्यात वरच्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर पुढे गाडी बंद पडल्याची सूचना झळकली, आणि थोड्या वेळाने मागून दिवे फिरवत जाणारी ओढून नेणारी गाडीही आरशात दिसली. सहकारी काही बोलला नाही. बोलायची गरजच नव्हती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या बाईमुळे नव्हे. तिची सोय झाली होती. मला आठवत होता कसारा घाट. पण ते नंतर सांगतो, आधी हा परिसर सांगतो.

वन-नॉर्थ हे नाव विचित्र वाटेल. सिंगापूर विषुववृत्ताच्या साधारण एक अंश उत्तरेला आहे, म्हणून वन-नॉर्थ. २००१ मध्ये जेटीसी या सरकारी संस्थेने हा सुमारे २०० हेक्टरांचा प्रकल्प हाती घेतला. आराखडा झाहा हदीद या नामवंत स्थापत्यकार बाईंचा. २००३ मध्ये बायोपोलिस उभं राहिलं, २००८ मध्ये फ्यूजनोपोलिस. संशोधन, औषधं, सॉफ्टवेअर, चित्रवाणी सगळं इथे. या भागाच्या कडेने जो एक्स्प्रेसवे जातो तो आयर राजा. यातला 'आयर' म्हणजे मलय भाषेत पाणी. म्हणजे राजाचं पाणी! पावसात नाव अगदी शोभतं.

याच वन-नॉर्थच्या रस्त्यांवर २०१५ पासून विनाचालक गाड्यांच्या चाचण्या सुरू झाल्या. ऑगस्ट २०१६ मध्ये नुटोनोमी या कंपनीने निवडक लोकांना विनाचालक टॅक्सीत बसवायला सुरुवात केली. (आत एक इंजिनिअर बसलेला असायचा, वेळ पडली तर चाक हातात घ्यायला.) दोनच महिन्यांत त्यांच्या एका गाडीची एका लॉरीशी हलकीशी टक्कर झाली. कोणालाही लागलं नाही, पण बातमी जगभर गेली. त्या दिवसांत दुपारी जेवताना आम्ही वाद घालायचो. ही गाडी लाल दिव्याला थांबेल, माणूस आडवा आला तर थांबेल. पण रस्त्याकडेला कोणी हात करत असेल तर थांबेल का? कोणीतरी म्हणालं, तसं प्रोग्रॅममध्ये लिहावं लागेल. मग प्रश्न आला, काय लिहायचं? कधी थांबायचं, कधी नाही? टेबलावरच्या आठ इंजिनिअरांना तो नियम लिहिता आला नाही.

मला वाटतं आपल्यालाही तो नियम कोणी लिहून दिलेला नाही. आपल्याला मिळाल्या त्या फक्त गोष्टी.

माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी शाळेत हिंदीच्या पुस्तकात सुदर्शन यांची 'हार की जीत' वाचली असेल. बाबा भारती नावाचे साधू, त्यांचा सुलतान नावाचा देखणा घोडा, आणि त्यावर डोळा ठेवून असलेला डाकू खड्गसिंह. डाकू अपंगाचं सोंग घेऊन झाडाखाली बसतो, मदत मागतो. बाबा त्याला घोड्यावर बसवतात, आणि तो घोडा घेऊन पळतो. बाबा त्याला हाक मारून एकच विनंती करतात: हा प्रसंग कोणाला सांगू नकोस. का? तर ही गोष्ट लोकांच्या कानावर गेली, तर ते यापुढे कुठल्याही गरजूवर विश्वास ठेवणार नाहीत. डाकू खजील होतो आणि रात्री गुपचूप घोडा परत आणून बांधतो.

लहानपणी मला वाटायचं, बाबा फारच भोळे. आता वाटतं, त्यांना एक फार व्यवहारी गोष्ट कळली होती. लुटारू एका माणसाचा घोडा नेतो, पण त्याची कथा नंतरच्या शंभर गरजूंची मदत नेते. आपल्याकडे घाटात, आडरस्त्याला रात्री थांबू नये, अपघाताचं सोंग करून लुटतात, या कथा प्रत्येक घरात आहेत. काही खऱ्या, काही तिखटमीठ लावलेल्या. मोजलं कोणी नाही. ऐकल्या मात्र सगळ्यांनी.

आमच्या घरात जी कथा होती तिच्यात लुटारू नव्हता. ती माझ्या धाकट्या काकांची. १९८६ साल. काका सरकारी नोकरीत, जिल्ह्याच्या गावी. स्कूटरवरून येताना त्यांना रस्त्यात एक सायकलस्वार पडलेला दिसला. डोक्यातून रक्त येत होतं. ठोकणारा पळालेला. काकांनी एक टेंपो थांबवला, माणसाला घातलं, इस्पितळात नेलं. तिथला पहिला प्रश्न, "हा तुमचा कोण?" दुसरा, "पोलीस कुठायत?" पोलीस केस आहे, आधी चौकीवर जा. काका चौकीवर गेले. तिथे प्रश्न, "ठोकलं कोणी? तुम्हीच ना?" पहाटे तीनला सुटले. तो माणूस वाचला, ही देवाची कृपा. पण पुढची तीन वर्षं काकांना समन्स येत राहिलं. जायचं, बसायचं, पुढची तारीख घेऊन यायचं. एकूण अकरा रजा गेल्या. काका कधी कडवटपणे बोलले नाहीत, पण एक वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं झालं: "चांगुलपणाला माझी हरकत नाही रे, पण रजा कोण देणार?"

आता पाहा, काकांची केस चालू असतानाच याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात एक अर्ज आला होता. एका स्कूटरस्वाराला गाडीने उडवलं. त्याला जवळच्या इस्पितळात नेलं तर तिथे घेतलं नाही. पोलीस केसेस घेण्याची परवानगी असलेल्या वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या इस्पितळात न्या म्हणून सांगितलं. वाटेतच तो गेला. ही बातमी वाचून परमानंद कटारा यांनी अर्ज केला, आणि २८ ऑगस्ट १९८९ रोजी निकाल लागला: डॉक्टर सरकारी असो की खाजगी, आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे कागद नंतर.

निकाल लागला, पण लोकांपर्यंत पोहोचला नाही. खुद्द काकांना तो माहीत नव्हता. मला कुठला असणार! आणि म्हणूनच कसारा घाट.

१९९७. मी आणि माझा कॉलेजातला मित्र त्याच्या वडिलांची मारुती घेऊन मुंबईहून नाशिकला चाललो होतो. रात्रीचे साडेबारा-एक. घाटाच्या एका वळणावर एक माणूस टॉर्च हलवत होता. त्याच्या मागे कडेला काहीतरी आडवं पडलेलं होतं. मोटरसायकल असावी. दुसरा माणूस होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही. मित्राचा पाय ब्रेकवर गेला. मी म्हणालो, "नको." मित्राने ब्रेक सोडला. पुढे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मी म्हणालो, "इगतपुरीला पोलिसांना सांगू." तो "हो" म्हणाला.

असो. कायद्याकडे येतो.

२००७ मध्ये दिल्लीत पीयूष तिवारी यांच्या नात्यातला शाळकरी भाऊ शाळेतून घरी येताना गाडीखाली आला. बराच वेळ रस्त्यात पडून होता, माणसं जमली, पण कोणी उचललं नाही. मुलगा गेला. तिवारींनी २००८ मध्ये सेव्हलाइफ फाउंडेशन काढलं. त्यांनी आधी लोकांनाच विचारलं, की तुम्ही का थांबत नाही? २०१३ मध्ये त्यांनी जी पाहणी प्रसिद्ध केली तीत साधारण चारातले तीन लोक मदतीला कचरत होते, आणि त्यांतल्या बहुतेकांचं कारण एकच: पोलीस आणि कोर्ट. म्हणजे देशभर माझे काका पसरलेले होते!

त्याआधीच, २०१२ मध्ये, संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली होती. मे २०१५ मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयाने त्यांना कायद्याचं बळ दिलं. पुढे २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्याचे नियम. त्यात आहे काय? चांगल्या हेतूने, आपणहून अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती पोलीस करू शकत नाहीत. साक्षीदार व्हायचं की नाही ही त्याची मर्जी. झालाच तर त्याच्या सोयीच्या जागी आणि वेळी जबाब घ्यायचा, पुन्हा पुन्हा खेपा घालायला लावायच्या नाहीत. हे हक्क इस्पितळाने दर्शनी भागात लावायचे. मदत करणाऱ्यासाठी २०२१ मध्ये ५,००० रुपयांचं बक्षीस ठेवलं गेलं, आणि २०२५ मध्ये ते २५,००० झालं. या योजनेचं नाव 'राहवीर'.

शेजारच्या चीनमध्ये हाच प्रवास फार वाईट वळणाने झाला. २००६ मध्ये नानजिंगला बसथांब्यावर पडलेल्या म्हातारीला एका तरुणाने इस्पितळात नेलं. तिने त्याच्यावरच धक्का दिल्याचा दावा लावला. न्यायाधीशाने २००७ मध्ये निकालात जे लिहिलं त्याचा सारांश असा, की तू धक्का दिला नसतास तर मदत कशाला केली असतीस? (पुढे २०१२ मध्ये बातमी आली, की त्या तरुणाने धक्का लागल्याचं कबूल केलं होतं. पण तोवर कथा गावोगाव पोहोचली होती. बाबा भारती पुन्हा आठवतात.) ऑक्टोबर २०११ मध्ये फोशान शहरात दोन वर्षांच्या मुलीवरून एकामागून एक दोन गाड्या गेल्या. कॅमेऱ्यात दिसलं, की अठरा माणसं तिच्याजवळून गेली. तिला उचललं ते कचरा वेचणाऱ्या एका बाईने. मुलगी वाचली नाही. चीनमध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम ऑक्टोबर २०१७ पासून लागू झालं. जर्मनीत, फ्रान्समध्ये तर उलट बाजूने कायदा आहे: स्वतःला धोका नसताना मदत न करणं हाच गुन्हा.

तर पहिली भीती लुटारूची, दुसरी पोलिसांची. दुसरी कायद्याने निदान कागदावर तरी गेली. तिसरी राहिली, तिच्याबद्दल मात्र आपल्या घरात कोणी कथा सांगत नाही. ती म्हणजे खुद्द रस्ता.

जुन्या रस्त्यावर ताशी चाळीसने जाणारा माणूस थांबला तर मागचा हॉर्न वाजवून बाजूने जायचा. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला आणि हिशोबच बदलला. ताशी शंभरने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. चालकाच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंतच ती तेवढं अंतर तोडते, ब्रेक लागणं त्यानंतर. तिथे उभी असलेली गाडी म्हणजे रस्त्यात बांधलेली भिंत. २०१६ मध्ये याच मार्गावर अपघाती मृत्यू शून्यावर आणण्याचं काम सुरू झालं, त्यात उभ्या वाहनांवर मागून आदळणं हे एक मोठं कारण म्हणून पुढे आलं. अशा रस्त्यावर मदतीला थांबलेला माणूस पुष्कळदा दुसरा अपघात होऊन बसतो.

सिंगापूरने ही तिसरी भीती ओळखली, आणि मदत माणसाच्या हातातून काढून व्यवस्थेच्या हातात दिली. १९९८ पासून इथल्या एक्स्प्रेसवेंवर 'इमास' नावाची यंत्रणा आली: कॅमेरे, पाट्या, नियंत्रण कक्ष. गाडी बंद पडली तर सरकारी टोइंगची गाडी येते आणि जवळच्या ठरलेल्या पार्किंगपर्यंत फुकट नेऊन सोडते. (ज्या देशात गाडी घेण्याच्या परवान्यालाच एक लाख डॉलरपेक्षा जास्त मोजावे लागले आहेत, तिथे 'फुकट' हा शब्द कानाला किती गोड लागतो ते तुम्हाला नाही कळायचं!) कडेच्या पट्टीवर कारणाशिवाय थांबणं हा गुन्हा आहे. म्हणजे माझा सहकारी निर्दय नव्हता. त्या बाईला दोन उभ्या गाड्यांपेक्षा एक उभी गाडी जास्त सुरक्षित होती. मी चिडलो होतो तो चुकीच्या माणसावर.

पण मग व्यवस्था असली की माणसाची मदत संपली का? मला काही काळ तसं वाटू लागलं होतं. इथली माणसं घाईत असतात, आणि घाई काय करते ते प्रिन्स्टनच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये दाखवलेलं आहे. धर्मोपदेशक व्हायला निघालेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी भाषण द्यायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला ठेवला. ज्यांना उशीर झाला नव्हता त्यांतले ६३ टक्के थांबले. ज्यांना फार उशीर झाला म्हणून सांगितलं होतं त्यांतले फक्त १० टक्के. गंमत म्हणजे काहींचं भाषण रस्त्यात पडलेल्याला मदत करणाऱ्या बायबलमधल्या भल्या माणसावरच होतं! त्याने काही फरक पडला नाही.

मग आला २६ जुलै २०२५. बेटाच्या पूर्वेकडे तांजोंग काटोंग रोड साउथवर संध्याकाळी रस्ता अचानक खचला आणि एक गाडी चालकबाईसकट खड्ड्यात गेली. खड्ड्यात पाणी भरत होतं. शेजारी बांधकाम चालू होतं. तिथले मुकादम पिचै उदैयप्पन सुब्बैया, तमिळनाडूतून आलेले, वीसेक वर्षं सिंगापुरात काम करणारे. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी नायलॉनचा दोर आणला, खाली टाकला, बाईंनी तो धरला, आणि सगळ्यांनी मिळून वर ओढलं. सगळा कारभार पाचेक मिनिटांचा. सात कामगारांचा मनुष्यबळ खात्याने गौरव केला, राष्ट्राध्यक्ष थर्मन यांनी त्यांना इस्तानात, म्हणजे आपल्या निवासस्थानी बोलावलं, आणि लोकांनी त्यांच्यासाठी पैसेही जमवले.

मी ती चित्रफीत कितीतरी वेळा पाहिली. मला त्यात दोन गोष्टी दिसल्या. एक, पाच मिनिटांत कुठलीही व्यवस्था पोहोचत नाही. पोहोचतो तो शेजारी उभा असलेला माणूस. आणि दोन, कोणी खड्ड्यात उडी घेतली नाही. दोर टाकला. रोज धोक्याच्या जागी काम करणाऱ्या माणसांना हे ठाऊक असतं, की आत गेलेला दुसरा माणूस म्हणजे बाहेर काढायला आणखी एक माणूस.

तर मंडळी, थांबणं सुरक्षित आहे का? मला विचाराल तर प्रश्नच थोडा चुकीचा आहे. गावातल्या, वस्तीतल्या रस्त्यावर, दिवसाउजेडी थांबा, आता कायदा तुमच्या बाजूने आहे. द्रुतगती मार्गावर एरवी थांबू नका. पुढे सुरक्षित जागी जाऊन फोन करा: ११२, रुग्णवाहिकेला १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. किलोमीटरचा दगड पाहून ठेवा, कुठल्या दिशेची बाजू ते सांगा. रात्री आडरानात भीती वाटली तर काच वर ठेवा, उतरू नका, पण फोन करा. आपली गाडी बंद पडली तर चारी इंडिकेटर लावा, मागे लाल त्रिकोण ठेवा आणि गाडीत न बसता कठड्यापलीकडे उभे राहा. त्या छत्रीवाल्या बाईसारखे.

हे सगळं मी गेल्या वेळी काकांना फोनवर सांगितलं. कलम १३४-अ वाचून दाखवलं. नाव सांगायची सक्ती नाही, खेपा नाहीत, वर २५,००० रुपये. काका बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "चांगलं झालं रे. पण आता माझी स्कूटर विकली." थोड्या वेळाने आपणच म्हणाले, "तो सायकलवाला बरीच वर्षं दिवाळीला यायचा. तुला सांगितलं नव्हतं का?"

नव्हतं सांगितलं. आमच्या घरात अकरा रजांची कथा राहिली, दिवाळीची नाही.

आणि कसारा. त्या रात्री त्या वळणावर थांबणं सुरक्षित होतं का? बहुधा नव्हतं. अंधार, वळण, मागून ट्रक. पण पुढे इगतपुरीला आम्ही थांबलो होतो. चहा घेतला. हॉटेलात गल्ल्यावर काळा फोन होता, मला अजून दिसतो. तिथून पोलिसांना सांगण्यात कसलाही धोका नव्हता. मी मित्राकडे पाहिलं नाही, त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पैसे दिले आणि निघालो.